पर्पेतुआ आणि फेलिसितास: कार्थेजच्या रक्तसाक्षी

इ.स. 203 मध्ये 7 मार्चला उत्तर आफ्रिकेतील कार्थेज या रोमन शहरात काही ख्रिस्ती कैद्यांना रंगभूमीवर श्वापदांपुढे सोडण्यात आले. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचा मुलगा गेटा याच्या वाढदिवसाचे खेळ होते. कैद्यांत दोन तरुण स्त्रिया होत्या. विबिया पर्पेतुआ सुमारे 22 वर्षांची, प्रतिष्ठित घराण्यातली, शिकलेली, विवाहित. तिचा मुलगा अजून अंगावर पीत होता. फेलिसितास ही गुलाम होती आणि अटकेच्या वेळी गरोदर होती.

आरंभीच्या ख्रिस्ती रक्तसाक्षी, म्हणजे श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्या, स्त्रियांच्या कथा पुष्कळ आहेत, पण बहुतेक फार उशिरा लिहिल्या गेल्या. जुन्या गोव्यातले से कॅथेड्रल ज्या संत कॅथरिनच्या नावाने उभे आहे, तिची कथाही तिच्या मानल्या गेलेल्या काळानंतर काही शतकांनी लिहिली गेली. पर्पेतुआचे तसे नाही. तुरुंगातल्या दिवसांची हकिगत तिने स्वतः लिहिली, आणि पुढे एका अनामिक संपादकाने तिला प्रस्तावना व शेवट जोडला. प्राचीन काळातल्या स्त्रीने स्वतःविषयी लिहिलेले इतके थोडे उरले आहे की या काही पानांचे मोल धर्मेतिहासापुरते राहत नाही.

त्या काळी ख्रिस्ती लोकांना साम्राज्यभर शोधून काढण्याचा हुकूम नव्हता. इ.स. 112 च्या सुमारास बिथिनियाचा राज्यपाल प्लिनी याला सम्राट ट्राजनने कळवले होते की त्यांचा शोध घेऊ नये. मात्र कोणी आरोप केला आणि तो सिद्ध झाला, तर शिक्षा करावी, आणि देवांची पूजा करणाऱ्याला सोडून द्यावे. याच प्लिनीने माहिती काढण्यासाठी ख्रिस्ती मंडळीत सेवेचे काम करणाऱ्या दोन गुलाम स्त्रियांचा छळ केला होता. इ.स. 177 मध्ये ल्यों शहरात ब्लांडिना या गुलाम स्त्रीचा असाच छळ करून बळी घेतला गेला. संकट सतत नव्हते. ते प्रांतातल्या अधिकाऱ्यावर आणि जमावाच्या रागावर अवलंबून असे.

पर्पेतुआ आणि तिचे सोबती पकडले गेले तेव्हा त्यांचा बाप्तिस्माही झालेला नव्हता. तो कैदेत असताना झाला. कोठडीतला अंधार, दाटी, उकाडा आणि शिपायांची जबरदस्ती यांविषयी ती लिहिते, पण तिचा जीव तुटतो तो बाळासाठी. ख्रिस्ती मंडळीच्या दोन सेवकांनी पैसे चारून कैद्यांना काही वेळ बऱ्या जागेत नेण्याची सोय केली, तेव्हा तिला भुकेने मलूल झालेल्या बाळाला पाजता आले. पुढे बाळाला जवळ ठेवण्याची परवानगी मिळाली आणि तिला तुरुंगच राजवाड्यासारखा वाटू लागला.

सर्वांत वेदनादायक प्रसंग वडिलांचे आहेत. ते पुन्हा पुन्हा येतात, स्वतःच्या पांढऱ्या केसांची आण घालतात, तिचे हात चुंबतात, तिच्या पायांशी पडतात. ती समोरच्या भांड्याकडे बोट दाखवून विचारते, याला दुसऱ्या नावाने हाक मारता येईल का? मग आपणही ख्रिस्ती सोडून दुसरे काही म्हणवून घेऊ शकत नाही. न्यायासनासमोर अधिकारी हिलारियानसनेही वडिलांच्या वयाकडे आणि मुलाच्या कोवळेपणाकडे पाहून सम्राटांच्या कल्याणासाठी बळी अर्पण करण्यास सांगितले. तिने नकार दिला. मध्ये पडणाऱ्या वडिलांना छडीचा मार बसला, आणि तो मार आपल्यालाच बसल्यासारखा तिला लागला. तिचा निश्चय दगडाच्या काळजातून आलेला नव्हता, हे या ओळी सांगतात. नवऱ्याविषयी मात्र ती एक अक्षरही लिहीत नाही.

हकिगतीत तिने पाहिलेले दृष्टान्तही आहेत. एकात शस्त्रे लावलेली उंच काशाची शिडी आणि तिच्या पायथ्याशी अजगर आहे; ती त्याच्या डोक्यावर पाय ठेवून वर चढते. दुसऱ्यात लहानपणी तोंडाच्या दुखण्याने गेलेला भाऊ दिनोक्रातेस तहानलेला दिसतो, आणि तिने प्रार्थना केल्यावर पाणी पिऊन खेळू लागतो.

फेलिसितासचे शब्द आपल्याला संपादकाकडून कळतात. गरोदर स्त्रीला मृत्युदंड देण्यास रोमन कायद्यात मनाई होती, म्हणून आपल्याला मागे ठेवतील याची तिला धास्ती होती. आठव्या महिन्यातच तिला मुलगी झाली; एका ख्रिस्ती स्त्रीने तिला स्वतःच्या मुलीसारखे वाढवले. फेलिसितास बाळंतवेणांत कण्हत असताना पहारेकऱ्याने तिला हिणवले, की श्वापदांसमोर काय करशील? आता मी एकटी सोसते आहे, तेव्हा माझ्यासाठी सोसणारा माझ्यात असेल, असे तिचे उत्तर होते.

रंगभूमीवर स्त्रियांना केरेस देवीच्या पुजारिणींचा वेष घालण्याचा प्रयत्न झाला. पर्पेतुआने विरोध करून तो रद्द करवला. दोघींवर एक माजलेली गाय सोडण्यात आली. पडल्यावर पर्पेतुआने फाटलेले वस्त्र मांडीवर ओढून घेतले, सुटलेले केस बांधले आणि फेलिसितासला हात देऊन उठवले. मालकीण आणि गुलाम यांच्यात भिंत असलेल्या समाजात हे उठवणे लहान नव्हते. शेवटी तलवारीने मारताना नवख्या ग्लॅडिएटरचा पहिला वार हाडावर बसला, तेव्हा त्याचा थरथरता हात तिने स्वतःच गळ्याशी नेला, असे संपादक लिहितो.

दोनशे वर्षांनंतर उत्तर आफ्रिकेत संत ऑगस्टीनने त्यांच्या सणादिवशी प्रवचने दिली. विसाव्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या उत्खननात त्यांच्या नावांचा शिलालेख सापडला. कॅथलिक पंथात त्यांचा स्मृतिदिन 7 मार्चलाच असतो, आणि मिस्साच्या जुन्या रोमन प्रार्थनेत गुलाम फेलिसितासचे नाव पर्पेतुआच्या आधी उच्चारले जाते.