उडदाच्या दाण्यांतील नवा भेद

डोणगावच्या एखाद्या खळ्यावर उडदाची रास पडली असतां त्यांतील मूठभर दाणे तळहातावर घेऊन पहावे. सारे एकमेकांसारखे दिसतात, आणि बव्हंशीं ते असतातहि. उडदाच्या फुलांत बाहेरचा पराग क्वचितच शिरतो. फूल स्वतःच्याच परागानें फळतें, व त्यामुळें गुण पिढ्यान् पिढ्या जसेच्या तसे उतरतात. मग ज्या शेतकऱ्यास अधिक टपोरा दाणा हवा, त्यानें निवडावें तें कशांतून? निवडीस आधीं भेद हवा. आणि अगदीं नवा भेद उत्पन्न होतो तो उत्परिवर्तनानें.

सजीवाच्या प्रत्येक पेशींत त्याच्या गुणांची जणूं एक पोथी असते. ती डीएनए नामक द्रव्याच्या चार अक्षरांत लिहिलेली असते. पेशी दुभंगतांना पोथीची नक्कल होते, आणि लेखनिक कितीहि दक्ष असला तरी कोट्यवधि अक्षरांत एखादें चुकतेंच. कोठें अक्षर बदलतें, कोठें गळतें, कोठें सबंध तुकडा उलटा जोडला जातो. ही चूक बीज धरणाऱ्या पेशींत घडली तरच पुढील पिढीस पोंचते. बहुतेक चुकांनीं कांहींच बिघडत नाहीं, कांहीं घातक ठरतात, फार थोड्या उपयोगी पडतात. रोपास गरज आहे म्हणून बदल घडतो, अशी समजूत पुष्कळांची असते. ती खरी नव्हे. बदल आंधळेपणानें घडतो. तो टिकावा कीं नाहीं, एवढेंच परिस्थिति किंवा माणसाचा हात ठरवितो.

१९२७ सालीं मुलर या अमेरिकन शास्त्रज्ञानें क्ष-किरणांनीं फळमाशींत अशा चुकांचें प्रमाण पुष्कळ वाढवून दाखविलें. हीच युक्ति मुंबईस ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें पिकांवर योजिली. किरण दिलेल्या बियांच्या पुढील पिढ्यांतील असंख्य रोपें तपासून बहुतेक टाकून द्यावीं लागतात. कामाचें कष्ट येथेंच आहेत. उडदांत मोठ्या दाण्याचें एक उत्परिवर्तित वाण हातीं लागलें. त्याचा जुन्या 'टी-९' जातीशीं संकर करून अकोल्याच्या कृषि विद्यापीठाच्या साहाय्यानें 'टीएयू-१' ही जात सिद्ध झाली व १९८५ सालीं ती शेतकऱ्यांस मिळाली. नांवांतील अक्षरें ट्रॉम्बे, अकोला आणि उडीद यांचीं होत. पुढें अनेक वर्षें महाराष्ट्रांत उडदाच्या फार मोठ्या क्षेत्रावर हीच जात पेरली गेली. (किरणांचें नांव ऐकून कोणी माउलीनें पापडाचें पीठ दूर सारूं नये, किरण त्या पूर्वजबियांतच ओसरले, दाण्यांत उतरलें तें केवळ बदललेलें अक्षर.)

तथापि उत्परिवर्तन हें केवळ उडदाचेंच मिरासपण नाहीं. ज्या विषाणूमुळें उडदाचीं पानें पिवळीं पडतात, त्याच्या पोथींतहि चुका होतात, आणि त्याच्या पिढ्या उडदाहून कितीतरी झपाट्यानें उलटतात. सर्व शिवारांत एकच जात असेल तर विषाणूच्या एका सोयीच्या चुकीस सारें रान मोकळें मिळतें. म्हणून घरोघरीं मडक्यांत राखेंत ठेवलेलें जुनें बियाणें नाहींसें झालें, तर त्याबरोबर किती भेद गेले हें मोजावयासहि कोणी उरत नाहीं. आणि ते पुन्हा मिळवावयाचे तर हजारों रोपांचा शोध पहिल्यापासून करावा लागतो.