शेंडा वर, तोंड आपल्याकडे

विदर्भाच्या काळ्या दगडात तळ्यातल्या गोगलगायी सापडतात, हे ऐकलं आणि राहवेना. शंख वेचायला निघालेल्या विद्यार्थ्यांबरोबर नागपूरजवळच्या एका खदानीवर गेलो. वर लाव्हा, खाली लाव्हा आणि मधे हातभर राखाडी थर. दोन उद्रेकांमधल्या उसंतीत इथे तळं साचलं होतं. ‘‘सहा कोटी साठ लाख वर्षं,’’ विद्यार्थ्यांच्या मॅडम म्हणाल्या. पोरांनी ते लगेच वहीत उतरवलं.

माती भिजवणं, चाळणं, वाळवणं यात सांगण्यासारखं काही नाही. मजा पुढे टेबलावर. मॅडम ओल्या कुंचल्याच्या टोकाने तांदळाएवढा शंख उचलतात आणि भिंगाखाली धरतात. शेंडा वर, तोंड आपल्याकडे. तोंड डावीकडे उघडलं तर बहुधा फायसा. उजवीकडे असून वेढे गुबगुबीत असतील तर व्हिव्हिपॅरस, अंग सडपातळ असेल तर लिम्निया. (देवघरातला दुर्मीळ ‘उजवा’ शंख या हिशेबाने डावा ठरतो, तिथे तो उलटा धरतात.)

फायसाच्या एका जातीला फायसा प्रिन्सेपाय हे नाव सॉवर्बी या अभ्यासकाने 1840 मध्ये दिलं. आता तिला प्लॅटीफायसा म्हणतात. तिचा शंख काही सेंटिमीटर वाढतो. त्यामुळे बारका शंख म्हणजे वेगळी जात असं नाही, पिल्लूही असेल. म्हणून वेढे मोजायचे. पण कित्येकदा कवच विरघळून गेलेलं असतं, उरतो तो आतला गारेचा साचा. त्यावर नक्षी कुठली? मग चिठ्ठीवर ‘फायसा, जात अनिश्चित’. एका पोराने फोनवर फोटो काढून पूर्ण नाव मिळवलं. ‘‘शेंडा तुटलाय, तो फोनला दिसला का?’’ मॅडमनी विचारलं. मला त्यांची ती अपुरी चिठ्ठीच जास्त भरवशाची वाटली.

चिठ्ठीत नावाआधी जागा लिहायची: गाव, खदान, थर. मिशनरी स्टीफन हिस्लॉपने 1860 च्या निबंधात वर्णिलेल्या शंखांपैकी कितीतरी टाकळी या गावचे. ती टाकळी आज नागपूरच्या पोटात गेली, तरी गावाचं नाव नोंदलेलं असल्याने ते शंख आजही अभ्यासता येतात.

कुणीतरी भेट दिलेल्या डबीत एक अखंड, चकचकीत फायसा होता. डबीत चिठ्ठी नव्हती.

‘‘हाही सहा कोटी साठ लाखांचा?’’ एकीने विचारलं.

‘‘ते वय थराचं. याचा थर कुठला, सांग?’’ म्हणत मॅडमनी तो नवशिक्यांच्या सरावाच्या ताटात टाकला.