बेप्पूच्या टेकडीवरचे विद्यापीठ

जपानच्या क्यूशू बेटावर ओइता प्रांतात बेप्पू नावाचे शहर आहे. वस्ती सव्वा लाखाच्या आत. जागोजागी जमिनीतून वाफा निघतात आणि गरम पाण्याच्या कुंडांत डुंबायला येणाऱ्या पाहुण्यांवर गावाचा संसार चालतो. या गावामागच्या टेकडीवर एप्रिल २००० मध्ये रित्सुमेइकान एशिया पॅसिफिक विद्यापीठ, म्हणजेच ‘एपीयू’, सुरू झाले. निम्मे विद्यार्थी परदेशी, निम्मे प्राध्यापक परदेशी आणि किमान पन्नास देशांतली मुले, असा संस्थापकांचा संकल्प होता. तोही टोकियोपासून इतक्या दूर!

कल्पनेला बळ दिले ते ओइताचे तेव्हाचे गव्हर्नर मोरिहिको हिरामात्सू यांनी. ‘एक गाव, एक उत्पादन’ ही चळवळ चालवणारे हेच. तरुण मुले प्रांत सोडून जातात, याची त्यांना काळजी होती. क्योटोतली रित्सुमेइकान ही जुनी शिक्षणसंस्था नव्या विद्यापीठाच्या विचारात होतीच. प्रांत आणि शहर यांनी जमीन आणि पैसा यांचा मोठा भार उचलला, तर जपानी कंपन्यांनी शिष्यवृत्त्यांसाठी निधी दिला.

हा परोपकार नव्हता. जपानमध्ये अठरा वर्षांच्या मुलांची संख्या १९९२ मध्ये वीस लाखांवर होती. आता ती अकरा लाखांच्या आसपास आली आहे. देशात विद्यापीठे मात्र आठशेच्या घरात, त्यांतली बहुतेक खासगी. निम्म्याहून अधिक खासगी विद्यापीठांत जागा रिकाम्या राहतात. सरकारनेही आकडे ठरवून पाहिले. १९८३ मध्ये पंतप्रधान नाकासोने यांनी एक लाख परदेशी विद्यार्थ्यांचे उद्दिष्ट ठेवले, ते २००३ मध्ये गाठले गेले. मग २००८ मध्ये तीन लाखांचे ठरले, तेही २०१९ मध्ये पार पडले. पण त्या तीन लाख बारा हजारांत सुमारे ८४ हजार जण नुसते भाषाशाळांत शिकणारे होते. आकडा फुगला म्हणून विद्यापीठ बदलते असे नाही.

एपीयूने बदलल्या त्या सवयी. जपानी शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होते. इथे सप्टेंबरमध्येही प्रवेश मिळतो. शिकणे इंग्रजीतून सुरू करा किंवा जपानीतून. इंग्रजीतून आलेल्याला जपानी शिकावीच लागते आणि जपानी मुलालाही काही विषय इंग्रजीतून घ्यावे लागतात. परदेशाहून आलेली मुले पहिल्या वर्षी ‘एपी हाउस’ या वसतिगृहात राहतात. तिथे जपानी मुलेही असतात आणि स्वयंपाकघर सामाईक. कोणाच्या फोडणीचा वास कोणाला सोसवतो, याचा अभ्यासक्रम कुठेच छापलेला नसतो. आज तिथे सुमारे सहा हजार विद्यार्थी आहेत, जवळपास निम्मे परदेशी.

कुलगुरू निवडतानाही वाट वेगळी धरली. खुल्या निवडीतून २०१८ मध्ये हारुआकी देगुची आले. ते प्राध्यापक नव्हते. इंटरनेटवरून आयुर्विमा विकणारी ‘लाइफनेट’ कंपनी त्यांनी उभी केली होती.

शहराला मात्र सगळेच सहज पचले नाही. आठवड्याला २८ तासांच्या मर्यादेत हॉटेलांत काम करणारी परदेशी मुले बेप्पूला हवीच असतात. पण विद्यापीठामुळे वाढलेल्या मुस्लिम वस्तीला दफनभूमी हवी झाली, तेव्हा शेजारच्या हिजी गावात वर्षानुवर्षे विरोध चालला. जपानमध्ये जवळजवळ सगळ्यांचे दहन होते. पुरायला जागा मिळणेच दुर्मीळ. शिकायला आलेला माणूस तिथेच म्हातारा होऊ शकतो, हा हिशेब प्रवेशाच्या कोणत्याच योजनेत धरलेला नसतो.

मुलांना तिथे पाठवू पाहणाऱ्या आपल्याकडच्या पालकांनी एक गोष्ट आधी समजून घ्यावी. पदवी इंग्रजीतून मिळते, पण जपानी कंपन्यांच्या बहुतेक मुलाखती जपानीतूनच होतात. तिथे पोचल्यावर भाषेला हात घालू, असे म्हणणाऱ्याचे पहिले वर्ष त्यातच जाते. पुण्यात जपानी शिकवणारे वर्ग कितीतरी वर्षांपासून आहेत आणि ‘जेएलपीटी’ ही जपानी भाषेची परीक्षाही इथेच देता येते. अर्ज भरण्याआधी तिच्या निदान खालच्या दोन पायऱ्या चढून घ्याव्यात.