मुखपृष्ठावरची मिठी

जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या ढिगात एक मुखपृष्ठ तुमच्याही पाहण्यात नक्की आलं असेल. आभाळात वादळ, मागे गलबत नाहीतर किल्ला, आणि पुढे खांद्यावरून झगा ओघळलेली नायिका उघड्या छातीच्या नायकाच्या मिठीत. वर सोनेरी, उठावाच्या अक्षरांत लेखिकेचं नाव. आपण गालातल्या गालात हसतो आणि पुस्तक खाली ठेवतो. आज ते पुन्हा हातात घेऊ, आणि नुसतं चित्र म्हणून पाहू.

या ऐतिहासिक प्रेमकथांची मोठी लाट अमेरिकेत आली ती १९७२ नंतर. त्या वर्षी एव्हन या प्रकाशनसंस्थेनं कॅथलीन वुडिविस यांची 'द फ्लेम अँड द फ्लॉवर' ही कादंबरी थेट स्वस्त, कागदी बांधणीत काढली. ती तुफान खपली आणि मागोमाग तशा कादंबऱ्यांची रांग लागली. ही पुस्तकं पुस्तकांच्या दुकानांइतकीच वाणसामानाच्या आणि औषधांच्या दुकानांतल्या फळ्यांवर विकली जात. साबण घ्यायला आलेल्या बाईची नजर दोन क्षणांत खिळवायची, हे काम चित्राकडे होतं. अशा मिठीच्या चित्राला तिकडे 'क्लिंच' म्हणतात. शब्द मुष्टियुद्धातला आहे. दोन पैलवान दमले की एकमेकांना कवळून धरतात, ती मिठी!

आता चित्र नीट पाहा. वरचा भाग बहुधा मोकळा असतो, कारण तिथे अक्षरं बसायची आहेत. म्हणून आकृत्या खाली, आणि सरळ उभ्या न राहता तिरक्या कललेल्या. ती तिरकी रेघ डोळ्याला एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात ओढून नेते. नायकाचा चेहरा पुष्कळदा एका बाजूनं दिसतो, नायिकेचा मात्र प्रकाशात, आपल्याकडे वळलेला; गोष्ट तिची आहे, हे चित्रकार न बोलता सांगतो. मागचं गलबत म्हणजे सागरी साहस, तंबू म्हणजे वाळवंट, बुरूज म्हणजे मध्ययुग. केशभूषा मात्र कथा बाराव्या शतकातली असली तरी १९८५च्या सलूनमधली. तेवढं सोडून द्यायचं.

हे चित्रकार कसलेले होते. 'ब्रेकफास्ट अ‍ॅट टिफनीज' आणि जेम्स बाँडच्या चित्रपटांची पोस्टर्स करणारे रॉबर्ट मॅक्गिनिस यांनीच जोहाना लिंडसे यांच्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठं रंगवली. अंड्याच्या बलकात रंग कालवून काम करायची जुनी युरोपीय पद्धत त्यांना प्रिय होती. १९८५च्या 'टेंडर इज द स्टॉर्म'वर त्यांनी नायक इतका उघडा दाखवला, की काही प्रतींवर तेवढा भाग झाकायला स्टिकर चिकटवावा लागला! इटलीत बारी इथं जन्मलेल्या पिनो यांचा हात वेगळा. त्यांच्या कुंचल्याचे फटकारे मोकळे, आणि पांढऱ्या कापडावर पडलेलं ऊन असं की कापड हाताला लागेल असं वाटावं. एलेन डुइलो यांच्या चित्रांत सॅटिनची प्रत्येक चुणी आणि केसांची प्रत्येक बट धारदार. फाबिओ हा लांब केसांचा मॉडेल घराघरांत पोचला त्यात त्यांच्या चित्रांचा वाटा मोठा होता.

पद्धत साधारण अशी असे. भाड्यानं आणलेल्या पोशाखांत मॉडेल उभे करायचे, छायाचित्रं काढायची, आणि त्यांवरून पुस्तकाच्या कितीतरी पट मोठं चित्र ठरल्या मुदतीत रंगवायचं. घाईत गमतीही होत. क्रिस्टिना डॉड यांच्या १९९३च्या 'कॅसल्स इन द एअर'वरच्या नायिकेला तीन हात आहेत. लेखिका स्वतःच हा किस्सा मजेत सांगतात.

एक गोष्ट मात्र बोलायला हवी. सत्तरच्या दशकातल्या यातल्या कित्येक कादंबऱ्यांत नायक नायिकेवर बळजबरी करतो. वुडिविस यांच्या त्या पहिल्या कादंबरीतही करतो. मुखपृष्ठावर त्याचीच हळुवार मिठी होते. चित्राचं कौतुक करताना ही लबाडी नजरेआड करू नये. पण दुसरा अन्याय वाचणाऱ्या बायकांवर झाला. मुखपृष्ठ ठरवताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि हसणं मात्र त्यांच्या वाट्याला आलं. लोकांसमोर वाचायची सोय म्हणून प्रकाशकांनी पुढे युक्ती काढली: बाहेरच्या पानावर नुसतं फूल आणि नाव, ते उलटलं की आत पानभर चित्र. आपल्याकडेही वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचलेली अशी पुस्तकं पुष्कळांना आठवतील.

आता मुखपृष्ठांवर छायाचित्रं, संगणकावर जुळवलेली दृश्यं, सपाट रंगांची चित्रं आली आहेत. मॅक्गिनिस मार्च २०२५मध्ये वयाच्या ९९व्या वर्षी गेले. पिनो २०१०मध्येच गेले होते. त्यांची मूळ चित्रं आज लिलावात संग्राहक विकत घेतात. छापील पुस्तकात मात्र चित्रकाराचं नाव कित्येकदा कुठेच नसतं. सही शोधावी लागते, खालच्या कोपऱ्यात, झग्याच्या चुणीत किंवा गवतात. कधी पान कापताना ती अर्धी गेलेली असते.