जुन्या मोटारीची चाल

जुन्या मोटारींचे शौकीन रंग, कातडे आणि पितळ यांविषयी भरभरून बोलतात. पण गाडीची चाल ठरते ती मागच्या आसातील दोन दंतचक्रांवर. तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

१९५५ साली इंग्लंडात निघालेली ‘एम. जी. ए.’ घ्या. तिच्या क्राऊनला ४३ दाते, पिनियनला १०. म्हणजे चाक एकदा फिरावयास शाफ्टला ४.३ फेरे घ्यावे लागतात. १९६२ च्या ‘एम. जी. बी.’मध्ये पिनियनला एकच दाता अधिक, आणि प्रमाण झाले ३.९. हीच जोडी पुष्कळ हौशी लोक जुन्या गाडीत बसवितात. मग ताशी ६० मैलांवर, वरच्या गियरमध्ये, इंजिनाचे मिनिटाचे फेरे सुमारे ३५०० वरून ३२०० वर येतात. गोंगाट कमी होतो.

मात्र हे सुख फुकटचे नव्हे. चढावरची ओढ ९ टक्क्यांनी घटते आणि स्पीडोमीटर ६० चे ५५ दाखवू लागतो. शिवाय क्राऊन व पिनियन एकमेकांशी घासून जुळविलेले असतात. जोडी फोडली की आस कण्हू लागलाच. दात्यांमधली फट इंचाच्या हजारांशात मोजावी लागते.

माझे म्हणणे इतकेच : सपाट हमरस्त्याने लांबचा प्रवास करणाऱ्याने हा बदल खुशाल करावा, घाट चढणाऱ्याने करू नये. आणि काढलेली जोडी भंगारात न देता तेल लावून, फडक्यात गुंडाळून ठेवावी. उद्या गाडी ज्याच्या हाती जाईल, त्याला तिची मूळ चाल परत आणता आली पाहिजे.