कानाला दडे बसतात तेव्हा

दुखतं ते कुठे?

कानाच्या पडद्यामागे हवेची छोटी पोकळी असते. तिथून एक बारीक नळी नाकामागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. सोळाव्या शतकातल्या बार्तोलोमेओ युस्टाकी या इटालियन शरीरशास्त्रज्ञावरून तिला युस्टेशियन नळी म्हणतात. एरवी ती मिटलेली असते. आवंढा गिळला किंवा जांभई आली की क्षणभर उघडते; कानात ‘टक्’ होतं ते तेव्हाच. बाहेरचा दाब वाढला आणि नळी उघडली नाही, तर पडदा आत ओढला जातो. आधी दडे बसतात, मग ठणका लागतो.

विमानात

उडत्या विमानात आतला दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवरच्याइतका असतो. विमान चढताना कानातली जास्तीची हवा आपोआप निसटते. त्रास होतो तो उतरताना, कारण तेव्हा हवा आत घ्यावी लागते. त्या वेळी झोपू नये, झोपेत आवंढा फारसा गिळला जात नाही. गोळी चघळावी, पाण्याचे घोट घ्यावेत. तान्ह्या बाळाला तेव्हाच पाजावं. त्याच्या रडण्यावर कपाळाला आठ्या घालणाऱ्या शेजाऱ्यांनी त्याचे कान आठवावेत.

एवढ्यानं भागलं नाही तर नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच फुंकायचं. ही वाल्साल्वा या इटालियन शरीरशास्त्रज्ञाची रीत, १७०४ सालच्या त्याच्या कानावरच्या ग्रंथामुळे रूढ झालेली.

पाण्याखाली

इथे घाई महागात पडते. विमान उतरताना दाबात जेवढा फरक हळूहळू पडतो, तेवढा पाण्यात अडीच मीटरवरच पडतो. १० मीटरवर दाब दुप्पट होतो. म्हणून तारकर्लीला पहिल्यांदा स्कूबाला उतरणाऱ्यानं दुखायची वाट पाहू नये. पृष्ठभागावरच एकदा कान मोकळे करावेत आणि पुढे दर हातभर खोलीला करत राहावं. दुखलंच तर पंजा आडवा हलवून कानाकडे बोट दाखवायचं, थोडं वर यायचं, मग पुन्हा प्रयत्न. दाबाचा फरक फार वाढला की नळी घट्ट मिटते आणि जोरानं फुंकल्यास आतल्या कानालाही इजा होऊ शकते. कानात बोळे घालून तर बुडी मारूच नये.

सर्दी असेल तर

पैसे भरलेले असले तरी बुडी रद्द करावी. नाक मोकळं करणाऱ्या औषधाचा अंमल पाण्याखालीच उतरला, तर वर येताना हवा कानात अडकते.

नंतर रक्त आलं, गरगरलं किंवा ऐकू कमी येऊ लागलं, तर कानात तेल किंवा थेंब न घालता त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.