आधी साधी काच, मग रंगीत

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी गावाला बरोबर घेऊन ती उभी केली. गुलाबी नऊवारी, खांद्याला दप्तर, दुपारी दोन ते चार वर्ग, आणि विद्यार्थिनी साठीपासून नव्वदीपर्यंतच्या. या शाळेचे फोटो जगभर छापून आले. बहुतेकांची नजर त्यात साड्यांवर आणि सुरकुत्यांवर जाते. वाचनाच्या विज्ञानात रस असलेल्याने मात्र पाटीकडे बघावं. काळ्यावर पांढरं, दोन बोटं उंचीचं अक्षर, एका वेळी एक-दोन शब्द, खाली-वर दुसऱ्या ओळींची गर्दी नाही. थकलेल्या डोळ्याला याहून सोपं पान मिळणं कठीण. खरी परीक्षा पाटी ठेवून पुस्तक हातात घेतलं की सुरू होते.

दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यातलं भिंग इतकं लवचिक असतं की चेहऱ्यापासून सात-आठ सेंटिमीटरवरचं अक्षरही ते स्पष्ट करू शकतं. वयाबरोबर भिंग कडक होत जातं. चाळिशीच्या आसपास पुस्तक नकळत लांब धरलं जातं आणि साठीला स्पष्ट दिसण्याची जवळची हद्द साधारण मीटरभर दूर सरकते. माणसाचा हात तेवढा लांब नसतो. हा आजार नव्हे. प्रत्येकाच्या डोळ्यांचं हे होतंच. उपाय म्हणजे चाळिशीचा चष्मा, जो आठवडी बाजारातही शे-दोनशे रुपयांत मिळतो. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या अहवालानुसार, या एवढ्या कारणाने जवळचं नीट न दिसणारी जगात ८२ कोटी ६० लाख माणसं आहेत.

ज्याला कधी वाचायचंच नव्हतं त्याला चाळिशी कशाला, असा एक समज गावाकडे आहे. तो चुकीचा आहे. तांदूळ निवडणं, सुईत दोरा ओवणं, नातवाच्या पायातला काटा काढणं, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख बघणं, ही सगळी जवळचीच कामं. आसामच्या चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या ७५१ मजुरांवर झालेला प्रयोग २०१८मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. जवळचा चष्मा मिळालेल्या मजुरांच्या पानतोडणीत झालेली वाढ, चष्मा न मिळालेल्या गटाच्या तुलनेत सुमारे २२ टक्के जास्त होती. चहाचं पान तोडायला अक्षरओळख लागत नाही.

मोतीबिंदूच्या शिबिरांमुळे आणखी एक गैरसमज पसरला आहे. ‘ऑपरेशन झालं, आता चष्मा कशाला?’ शस्त्रक्रियेत बसवलेलं नेहमीचं भिंग एकाच अंतरासाठी असतं, बहुधा लांबच्या. बांधावरची म्हैस लख्ख दिसू लागते, पोथी धूसरच राहते. वाचायला बसलेल्या आजीचं डोकं दुखतं, डोळ्यांतून पाणी येतं, ती पुस्तक मिटते, आणि घरचे म्हणतात, या वयात कुठं जमणार! वयाच्या माथी मारलेल्या अशा हार मानण्यात पुष्कळदा नुसता अडीच नंबरचा चष्मा कमी असतो.

मुलांचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. मुरबाडशेजारच्या शहापूरला एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे. परिसरातल्या आश्रमशाळांत ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली मुलं राहून शिकतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळाशाळांत जातं. त्याच्या यादीत दृष्टिदोष आहे आणि अध्ययनातली अडचणही आहे. पण शाळेतली डोळ्यांची तपासणी प्रामुख्याने सहा मीटरवरच्या तक्त्याची असते. फळा दिसत नाही अशी मुलं त्यात बरोबर सापडतात. ज्याला लांबचं उत्तम दिसतं पण जवळ बघायला भिंगावर सतत जोर द्यावा लागतो, ते मूल या तक्त्यावर पहिल्या नंबराने पास होतं. पुस्तकातली पहिली पाच-दहा मिनिटंही ते ताकदीने वाचतं. मग अक्षरं विरघळू लागतात, मूल इकडेतिकडे बघू लागतं आणि ‘लक्ष नाही’ हा शेरा मिळतो.

दुसरी जवळची अडचण दोन डोळ्यांच्या जोडीची. जवळ बघताना दोन्ही डोळे नाकाच्या दिशेने वळावे लागतात. ते नीट वळले नाहीत तर ओळ दुहेरी दिसते, शब्द एकमेकांवर चढतात. हे ओळखायला यंत्र लागत नाही. मुलाला एका डोळ्यावर हात ठेवून तोच परिच्छेद वाचायला सांगायचं. दुहेरीपणा तिथल्या तिथे गेला तर दोष जोडीत आहे. एक डोळा मिटून किंवा डोकं हातावर टेकून वाचणारी मुलं बऱ्याचदा हीच युक्ती स्वतःहून शोधून काढतात, आणि आपण त्यांना ‘नीट बस’ म्हणतो. यावर डोळ्यांच्या व्यायामांचा चांगला उपयोग होतो, हे अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत २००८मध्ये दिसलं. त्याच मालिकेतल्या २०१९च्या चाचणीने मात्र बजावलं की त्रास कमी झाला म्हणून वाचनाचं आकलन आपोआप सुधारत नाही.

हे सगळं नीट तपासून झाल्यावरही काही मुलं उरतात. चष्म्याचा नंबर नाही, डोळ्यांची जोडी ठीक, एका डोळ्याने बघितलं तरी फरक नाही. पण दाट छापलेल्या पानावर अक्षरं थरथरतात, ओळी लाटेसारख्या हलतात, दोन शब्दांमधली पांढरी जागा पानभर वाहत गेल्यासारखी दिसते, डोकं दुखतं. न्यूझीलंडच्या शिक्षिका ऑलिव्ह मेअर्स यांनी १९८०मध्ये याचं वर्णन केलं. कॅलिफोर्नियातल्या मानसशास्त्रज्ञ हेलन अर्लेन यांनी १९८३मध्ये रंगीत काचांचा उपाय पुढे आणला. ब्रिटनचे आर्नल्ड विल्किन्स यांनी त्यामागच्या मेंदूच्या वागण्याचा पिच्छा पुरवला. १९९५मध्ये त्यांनी या दृष्टिताणावर पुस्तकच लिहिलं.

विल्किन्स यांची सुरुवात अपस्मार आणि अर्धशिशीच्या रुग्णांपासून झाली होती. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांकडे बघून काहींना झटका येतो, अनेकांना डोकेदुखी होते. नजरेच्या एका अंशात साधारण तीन पट्ट्या बसल्या तर त्रास सर्वांत जास्त. दृष्टीचं काम करणारा मेंदूचा मागचा भाग अशा नक्षीवर गरजेपेक्षा जास्त पेटतो, असं त्यांचं म्हणणं. आता पुस्तक ४० सेंटिमीटरवर धरून हिशेब करू. एका अंशात पानाचे सुमारे ७ मिलिमीटर येतात, म्हणजे त्रासदायक पट्टी दर सव्वादोन मिलिमीटरला एक. बारीक टाइपातला कुठलाही मराठी शब्द घ्या. प, म, स, न, त यांचे उभे दंड आणि शेजारचे काने जवळपास याच अंतराने उभे असतात. त्यावर प्रत्येक ओळीची शिरोरेषा, म्हणजे आडव्या पट्ट्या वेगळ्याच. दृष्टिताणावरचं बहुतेक संशोधन रोमन लिपीवर झालं आहे. माझ्या मते देवनागरीच्या पानाला ते जास्तच लागू पडावं. पहिली-दुसरीच्या पुस्तकात टाइप ठसठशीत आणि ओळी सुट्या असतात. इयत्ता वाढते तशी अक्षरं आक्रसतात. दुसरीत बरं वाचणारं मूल पाचवीत अडखळू लागलं तर धड्याच्या अवघडपणाआधी टाइपाकडे बघायला हवं.

रंगांबद्दल स्पष्ट लिहायला हवं, कारण इथेच पालकांचा खिसा कापला जातो. पानावर रंगीत पारदर्शक कागद ठेवला की काही मुलांना बरं वाटतं, आणि प्रत्येकाचा रंग वेगळा असतो, एवढं अनेकांच्या अनुभवाला येतं. पण ‘बरं वाटणं’ आणि ‘वाचन सुधारणं’ यांत अंतर आहे. स्कॉटलंडमध्ये वाचनात मागे असलेल्या ६१ मुलांना अर्लेन पद्धतीने तपासलं, त्यात ७७ टक्के मुलांना ‘हा दोष आहे’ असं निदान मिळालं. त्यांचं वाचन सुचवलेल्या रंगाच्या कागदाने सुधारलं नाही. २०११च्या या अभ्यासात मला खटकतो तो ७७चा आकडा. ज्या चाळणीत पाऊणहून जास्त मुलं अडकतात ती चाळणी कसली? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९मध्ये संयुक्त निवेदनात रंगीत काचांना पाठिंबा नाकारला. डिस्लेक्सिया हा मुख्यतः ध्वनी आणि अक्षर यांची सांगड घालण्यातला अडथळा आहे; रंगीत काचेने तो जात नाही. त्याच्या तपासणीसाठी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने मराठीतही साधन तयार केलं आहे. त्यामुळे हजारो रुपयांच्या रंगीत चष्म्याचा सल्ला कुणी दिला तर साध्या चष्म्याची तपासणी झाली आहे का, हे आधी विचारावं.

फुकटचे उपाय मात्र जरूर करून बघावेत. जुन्या वहीच्या पुठ्ठ्याला एक ओळ दिसेल एवढी खाच पाडली की वरच्या-खालच्या पट्ट्या झाकल्या जातात. बोट ठेवून वाचू द्यावं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. झेरॉक्स काढताना पान दीडपट मोठं करावं. चकचकीत कागदापेक्षा बालभारतीच्या पुस्तकांचा क्रीमवोव्ह कागद डोळ्यांना सौम्य, कारण त्यावर उजेड चमकत नाही. आणि उजेडाचं म्हणाल तर जुन्या चोकची ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते कळत नाही, पण विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी १९८९मध्ये एका कार्यालयात असे दिवे बदलून बघितले तेव्हा डोकेदुखीचं आणि डोळे दुखण्याचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. वसतिगृहात संध्याकाळचा अभ्यास अशाच ट्यूबखाली होत असेल तर दुखणाऱ्या डोक्याचं कारण छताला असू शकतं. दिवसा खिडकीशी, उजेड डावीकडून घेऊन बसवावं. अधूनमधून लांब बघावं; त्यासाठी शहापूरकरांना माहुलीचे सुळके आहेत.

उपाय लागू पडला का, हे मोजता येतं. विल्किन्स यांच्या वाचनवेगाच्या चाचणीची कल्पना साधी आहे: पंधरा सोपे, ओळखीचे शब्द दर ओळीत वेगळ्या क्रमाने. ‘घर’, ‘ये’, ‘पाणी’, ‘मी’ अशा शब्दांचं पान गुरुजींनी स्वतः तयार करावं. त्याला अर्थ नाही, म्हणून अंदाजाने वाचता येत नाही. मुलाने एक मिनिट मोठ्याने वाचायचं: आधी उपायाशिवाय, मग उपायासह दोनदा, शेवटी पुन्हा उपायाशिवाय. हा क्रम पाळला नाही तर सरावाने वाढलेला वेग पुठ्ठ्याच्या नावावर जमा होतो. बरोबर शब्द मोजावेत. एखाद-दुसऱ्या शब्दाच्या फरकाला अर्थ नाही.

विचारतानाही जपावं. ‘अक्षरं हलतात का रे?’ असं विचारलं तर बाईंना बरं वाटावं म्हणून मूल हो म्हणतं. ‘पान कसं दिसतंय?’ एवढंच विचारून गप्प राहावं. आणि अडखळणं शब्दावर आहे की ओळीवर, हे बघावं. कातकरी किंवा ठाकरी बोलीत वाढलेलं मूल ‘परंतु’पाशी थांबलं तर दोष डोळ्यांत शोधू नये, तो शब्द त्याच्या कानावर कधी पडलेलाच नसतो. ओळखीचे शब्दही पानाच्या तळाशी जाता जाता चुकू लागले, ओळ गळाली, तीच ओळ दोनदा वाचली गेली, तर मात्र डोळ्यांची शंका घ्यावी.

शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात मुलाला पाठवताना ‘डोळे तपासावेत’ एवढीच चिठ्ठी दिली तर पुन्हा सहा मीटरवरचा तक्ता वाचून मूल परत येण्याची शक्यता आहे. चिठ्ठीत लिहावं: ‘फळ्यावरचं दिसतं. पुस्तक दहा मिनिटांत सोडतो. एक डोळा झाकला तर फरक पडतो किंवा पडत नाही. घरात अर्धशिशी आहे किंवा नाही. कृपया जवळची नजर, लपलेला प्लस नंबर आणि दोन्ही डोळ्यांची जोडी तपासावी.’ सोबत त्याचं इयत्तेचं पुस्तक द्यायला विसरू नये.